सोमारीसाठी उरलं नाही ते औषध

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्ही मला चहाची गाळणी समजाल. मी भुलीची जाळी आहे, आता जुनी आणि गंजलेली. माझ्यावर कापडाच्या घड्या ठेवून मला रुग्णाच्या नाकातोंडावर धरत. वरून ईथर नावाच्या औषधाचे थेंब टाकत. त्या वासानं माणूस गाढ झोपे आणि डॉक्टर ऑपरेशन करत.

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात मी होते. ईथरच्या बाटल्या चंद्रपूरहून तीन-तीन महिन्यांनी येत. बूच उघडं राहिलं की ईथर हवेत उडून जातं. म्हणून सिस्टर सत्यशीला मोजकेच थेंब टाकायच्या आणि उरलेली बाटली घट्ट बंद करून गार वाळूत ठेवायच्या. अडलेल्या कितीतरी बायका माझ्याखाली निवांत झोपल्या. ते माझे चांगले दिवस.

१९८४ साली सिस्टरांची वडशाला बदली झाली. जाताना त्यांनी मुखरूभाऊंना बजावलं. मुखरूभाऊ दवाखान्यातले जुने मदतनीस; मनानं चांगले, पण घाईचे.

"भाऊ, एक बाटली संपल्याबिगर दुसरी उघडू नका. अन् बूच विसरू नका."

"दोन थेंब उडले त काय होते, सिस्टर?" मुखरूभाऊ हसून म्हणाले.

पुढच्या चैत्रात एकाच दिवशी चार ऑपरेशनं झाली. मुखरूभाऊंनी दर वेळी नवी बाटली उघडली. पुढची खेप येईपर्यंत तेवढ्याच चार होत्या. चारही अर्ध्यामुर्ध्या उरल्या. बाटल्यांच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून त्यांनी त्या खिडकीत ठेवल्या. बाहेर ऊन भाजत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी जवळच्या गावातल्या डोमानं आपल्या बायकोला, सोमारीला, खाटेवर घालून आणलं. मोहफुलं वेचताना अस्वलानं तिच्यावर झडप घातली होती. उजव्या हाताचा कोपराखाली चुराडा झाला होता. रक्त थांबत नव्हतं.

"चंद्रपूरपर्यंत ती टिकणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हात इथेच काढावा लागेल. भूल द्या."

माझ्यावर कापड घातलं. मुखरूभाऊंनी बाटली कलंडवली. थेंब पडला नाही. त्यांनी दुसरी घेतली, मग तिसरी, मग चौथी. साऱ्या कोरड्या.

जागा बधिर करायचं थोडं इंजेक्शन होतं. ते पुरलं नाही. सोमारीचे खांदे मुखरूभाऊंनीच दाबून धरले. मी बाजूला ट्रेमध्ये कोरड्या कापडासकट पडून होते. तिचं ओरडणं मी शेवटपर्यंत ऐकलं.

सोमारी वाचली. आठ दिवसांनी मुखरूभाऊ तिच्यासाठी पेज घेऊन आले, तेव्हा तिनं विचारलं, "मले झोपवलं काऊन नाई, भाऊ?"

"औषध नव्हतं, बाई."

"आलंच नव्हतं?"

मुखरूभाऊंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "आलं होतं. म्याच उघडं ठेवलं. उडून गेलं. माफ कर मले."

सोमारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पेज तशीच निवून गेली.

पुढे भुलीचं यंत्र आलं आणि मी कपाटात पडले. तिथूनही मला दिसतं, भुलीच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या बादलीत फेकल्या जातात. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात काम कराल, तेव्हा लागेल तेवढंच उघडा आणि उघडलेलं नीट सांभाळा. जो औषध वाया घालवतो, त्याचं स्वतःचं काही दुखत नाही. दुखतं ते मागून येणाऱ्याचं.

सोमारीनं मुखरूभाऊंना माफ केलं की नाही, मला कळलं नाही. ती पुन्हा कधी त्या दवाखान्यात आली नाही.