फर्मीनच्या दंडावरचा पट्टा

दवाखान्यातल्या नेलिदाबाईंनी रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतानाच बजावलं होतं. "यंत्र घुरघुरलं की हात खाली सोडायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही. उद्या सकाळपर्यंत काढायचा नाही."

आपल्या लॅटिनो समलिंगी पुरुषांच्या हृदयाचा अभ्यास चालला होता. हृदयाचे अभ्यास आजवर ढिगाने झाले, पण त्यांत आपल्यातलं कोणी नव्हतंच, असं बाई म्हणाल्या आणि फर्मीन भावनेच्या भरात हो म्हणून बसला. सगळे मोकळे असतात म्हणून बाईंनी रविवार धरलेला. आता आमच्या बॉइल हाइट्सच्या वस्तीत रविवारी मोकळं कोण असतं? आईकडे जेवायला जावंच लागतं.

फर्मीनची आई एलोदिया. तिच्या घरात विल्मरचं नाव 'भाडेकरू' होतं. फर्मीन आणि विल्मर कित्येक वर्षं एकत्र राहत होते, अख्ख्या घरात पलंग एकच होता, तरी विल्मर भाडेकरूच. आई तसं म्हणायची, फर्मीन मान डोलवायचा, विल्मर आणखी एक तोर्तिया वाढून घ्यायचा. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या रविवारी दारातच रेमेदियोस मावशीने फर्मीनला मिठी मारली आणि यंत्र घुरघुरलं. फर्मीन खांबासारखा ताठ.

"अगं एलोदिया, हा गार पडला की काय!"

मग फर्मीन पोसोले वाढत असताना पुन्हा घुरघुर. डाव धरलेला हात खाली गेला आणि मक्याचा गरम रस्सा मावशीच्या चपलेत उतरला. मावशी एका पायावर नाचली. नाचता नाचता तिला बाहीखालचा पट्टा दिसला.

"हे पोलिसांचं असतं तसलं! पायाला बांधतात ना, याच्या दंडाला बांधलंय. काय चोरलंस रे मेल्या?"

आईच्या हातातली मुळ्याची बशी तशीच राहिली. "बाळा, खरं सांग. डॉक्टरांनी हात टेकले का?"

"आई, मी ठणठणीत आहे. एक अभ्यास चाललाय. पुरुषांच्या हृदयाचा."

"कुठल्या पुरुषांच्या?"

विल्मरने ताटात मान घातली. फर्मीनला आज खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची छाती होत नव्हती. आई उठून आत गेली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही तर? त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात यंत्र घुरघुरलं. हात खाली, तोंड बंद. पट्टा आवळत गेला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग विल्मरच्या भांगाकडे पाहिलं.

"तुम्हा दोघांसारख्या?"

फर्मीनला मानही हलवता येईना. डोळे भरून आले, तेही पुसता येईनात. एवढा तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता. पट्टा सुस्कारा टाकून सैल झाला.

आईने बशी दाणकन आपटली. "मग याला का नाही बांधला?"

"कोणाला?"

"विल्मरला! इतकी वर्षं माझ्या हातचं डुकराचं मांस तुझ्यापेक्षा हाच जास्त हादडतोय. याला काय हृदय नाही?"

"काकू, त्यांनी याच्याकडून विचारलं होतं," विल्मर पुटपुटला. "मीच नको म्हटलं. मला दवाखान्याची भीती वाटते."

"एवढा घोडा झालास आणि भीती वाटते? उद्या मी येते सोबत. जेव आता."

"आणि माझी चप्पल?" मावशी म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी नेलिदाबाईंनी आकडे पाहून भुवया उंचावल्या. "काल दुपारी काय केलंत? जिने चढलात?"

"बसलो होतो. आई बोलत होती."

"आणि मग रक्तदाब एकदम उतरलाय की! रात्रभर लहान मुलासारखे झोपलात."

बाहेर गलका झाला. आई विल्मरला दंडाला धरून आत आणत होती. त्याची बाही तिने घरूनच वर दुमडून आणलेली.

"हे तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

फर्मीन सवयीने बोलून गेला, "भाडेकरू..."

"गप रे तू," आई म्हणाली. "जावई आहे माझा. पट्टा जरा घट्ट बांधा, पळपुटा आहे."