किसाबुरोकाकांचा ओकोझे

"सतरा," तोमेकाकू म्हणाल्या आणि त्यांनी संत्र्याची आणखी एक फोड तोंडात टाकली.

किसाबुरोकाकांनी अठराव्यांदा दोरी ओढली. चेनसॉ ढिम्म. तिसऱ्या ओढीला ती एकदा खाकरली होती, तेवढंच. त्यानंतर तिने मौन धरलं होतं.

"अठरा."

"अगं, मोजू नकोस! तू मोजतेस म्हणून ती लाजते."

"साठ वर्षं तुमच्यासोबत काढली तिने. आता कसली लाज?"

हे सगळं माझ्या दुकानापुढच्या अंगणात चाललं होतं. गावात यंत्रं दुरुस्त करणारी मी एकटीच, त्यामुळे पंपांबरोबर नवरा-बायकोची भांडणंही माझ्याकडेच येतात. कालचा दिवस डोंगरदेवीचा. त्या दिवशी देवी आपली झाडं मोजते आणि रानात सापडलेल्या माणसालाही झाड समजून मोजून टाकते, मग तो झाडच होऊन राहतो, म्हणून कुणी करवतीला हात लावत नाही. आणि काल भल्या सकाळी काका, वय एकोणऐंशी, चेनसॉ खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडले होते. दिवसच विसरले. काकूंनी त्यांना कॉलर धरून परत आणलं.

आज यंत्र चालू होईना. काका म्हणाले, यंत्र बिघडलं. काकू म्हणाल्या, डोकं बिघडलं. मग पैज लागली आणि न्यायाधीश ठरले मी. खोट यंत्रात निघाली तर काका पुन्हा डोंगरावर. काकांत निघाली तर चेनसॉ माझ्या फळीवर, कायमची.

खरं सांगायचं तर खोट मला आल्या आल्या दिसली होती. चोकची कळ, गार यंत्राची हवा अडवणारी, अजून बाहेरच होती. चेनसॉ खाकरली की चोक आत ढकलायचा, नाहीतर आत पेट्रोल तुंबून प्लग भिजतो. हे शिकाऊ पोरंही एकदाच चुकतात, कारण दुसऱ्यांदा काका बूट फेकून मारत. मला या अंगणात त्यांनीच शिकवलं होतं. "जमिनीवर ठेव. चेन ब्रेक लाव. पाय मागच्या मुठीत रोव. खाकरली की चोक आत. हातात लोंबकळत ठेवून सुरू करशील तर मांडी घरी ने, पाय इथे ठेव!" आताही बाकी सगळं त्यांनी अगदी तसंच केलं होतं. राहिला तो चोकच.

हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी काही छाती होईना. मी उगाच पाने-पकडी शोधत बसले.

"एकोणीस. अहो, तो खिशातला ओकोझे काढा ना," काकू म्हणाल्या. "दाखवा तो देवीला. रुसली असेल कालची."

आमची डोंगरदेवी दिसायला यथातथाच, आणि त्याबाबत भारी हळवी; देखणं तोंड तिला सहन होत नाही. म्हणून लाकूडतोडे वाळवलेला ओकोझे मासा कागदात गुंडाळून खिशात ठेवतात. आपल्याहून कुरूप काहीतरी जगात आहे हे पाहून देवी खूश होते. मात्र तो तिला पुरता कधीच दाखवायचा नाही. "यंदा सांभाळ, पुढल्या वर्षी दाखवतो" म्हणून वर आणखी एक कागद गुंडाळायचा. देवाला असं झुलवायला आमच्या गावाने काही कमी केलेलं नाही. काकांची पुडी तर उशीएवढी जाड झाली होती.

"ती उघडायची नसते," काका पटकन म्हणाले आणि खिसा दाबून धरला.

नेमकं तिथेच चुकलं. काकूंनी संत्रं खाली ठेवलं, उठल्या, आणि विसाव्या ओढीसाठी काका वाकले तेव्हा पुडी काढूनही घेतली.

"तोमे! दे इकडे!"

काकू कागद सोडत राहिल्या. कॅलेंडरची पानं, शेवयांचं वेष्टन, वर्तमानपत्रं, आत आत पिवळी पडत गेलेली. मासा निघालाच नाही. निघाला एक फोटो. नदीकाठी उभी असलेली, उन्हाने डोळे बारीक करून हसणारी एकोणीस वर्षांची पोरगी.

काकूंनी फोटो पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. मी पाना घट्ट धरला.

"म्हणजे कुरूप तोंड म्हणून साठ वर्षं देवीला माझं थोबाड दाखवत होता?"

"दाखवत कुठे होतो?" काका जवळजवळ ओरडलेच. "गुंडाळतच होतो ना! हे तोंड तिने पाहिलं असतं तर मला जिवंत घरी सोडलं असतं का तिने?"

काकूंचे कान लाल झाले. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस असं बोलतो आणि तेही मशीनवर खेकसावं तसं, याला काय म्हणावं? माझेच डोळे भरून आले, मी पेट्रोलच्या वासावर ढकललं.

काकूंनी फोटो परत गुंडाळायला घेतला. "मित्सुए," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यंत्रातच असेल काहीतरी. जुनं झालंय."

मीही लगेच तोंड उघडलं. "हो काकू, कार्ब्युरेटर..."

"चोक," काका म्हणाले.

ते वाकून त्या कळेकडे बघत होते.

"चोक माझ्याकडून राहिला, पोरी. तुला दिसलं होतं ना?"

मी मान हलवली.

मग प्लग त्यांनीच काढला, पुसला, वाळवला. स्विच बंद ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढलं. प्लग बसवला, स्विच चालू केला, चोक आत ढकलला, ब्रेक पाहिला, पाय मुठीत रोवला. दुसऱ्या ओढीला चेनसॉ अशी गरजली की काकूंचं संत्रं घरंगळत गेलं. काकांनी ती मिनिटभर ऐकली, बंद केली, पात्यावर म्यान चढवलं आणि स्वतःच माझ्या फळीवर नेऊन ठेवली.

काकूंनी माझ्या पावतीपुस्तकातला एक कागद फाडला, पुडीवर गुंडाळला आणि ती काकांच्या खिशात सरकवली.

"आता कशाला? डोंगरावर तर जायचं नाही," काका म्हणाले.

"असू दे."

मी चेनसॉला चिठ्ठी बांधायला घेतली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. "काका, बिघाड काय लिहू?"

ते फाटकापर्यंत गेले होते. तिथूनच म्हणाले, "यंत्रात दोष नाही, असं लिही."

मी तसंच लिहिलं.