खाणीच्या चांदीवरचा काळेपणा

ओहोटी लागली की आखातातल्या तुबलीच्या खाडीवरून गंधकाचा वास येऊन श्रेयाच्या खिडकीशी रेंगाळायचा. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला तो वास घाण वाटत नसे. चिखल झोपेत श्वास सोडतोय, असं वाटे.

वरच्या मजल्यावरच्या हेल्गा आंटी ऑपरेशनसाठी सलमानिया हॉस्पिटलात निघाल्या, तेव्हा त्यांनी आपलं जुनं जर्मन नाणं तिच्या ओंजळीत ठेवलं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला अक्षरं : मान्सफेल्डच्या खाणीचा आशीर्वाद. चांदीही त्याच खाणीतली. आंटींचे पणजोबा तिथे खाली उतरत, आणि हे नाणं जन्मभर त्यांच्या खिशात होतं.

"हा काळेपणा त्यांच्या बोटांचा आहे," आंटी म्हणाल्या होत्या.

श्रेयाने ते घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी, देव्हाऱ्यात ठेवलं. आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिच्या सासूबाईंनी, रखमाबाईंनी, देवांबरोबर तेही चिंचेने लख्ख घासलं.

"आई, अहो काय केलंत हे!"

"काय केलं म्हंजे? काळीकुट्ट लक्ष्मी पुजायची व्हय?"

नाण्याची सगळी गोष्ट ऐकल्यावर मात्र रखमाबाईंनी हातातली चिंच खाली ठेवली.

श्रेयाने अंडं उकडायला ठेवलं. उकडलेल्या बलकाशेजारी बरणीत झाकून ठेवली की त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. "नाणं पुन्हा काळं होईल, आंटींना कळणारही नाही," ती म्हणाली.

"सणाचं अंडं?" रखमाबाईंनी नाकाला पदर लावला. "खोटं काळं कशाला करतीस गं? घासलं मी. मीच सांगते त्या मडमेला."

श्रेयाने गॅस बंद केला.

वॉर्डात दुपारचं ऊन दुधासारखं सांडलं होतं. आंटींनी नाणं उन्हात धरलं, मग नाकाशी नेलं.

"आंबट," त्या हळूच म्हणाल्या. "गेले पणजोबा."

"चुकलं, बाई," रखमाबाईंनी त्यांचा हात धरला. श्रेयाला त्याचं इंग्रजी करावं लागलं नाही. आंटींनी नाणं श्रेयाच्या ओंजळीत परत ठेवलं.

"आपल्या खाडीला अजून वास येतो?" आंटींनी विचारलं.

"ओहोटीला."

"मग खिडकीत ठेव. मी येईपर्यंत."

नाणं खिडकीत राहिलं. ओहोटीमागून ओहोटी गेली, तशी त्याच्या कडेवर मधाच्या रंगाची एक रेघ उमटली. रोज दिवेलागणीला रखमाबाई ते उचलत, मुठीत घट्ट धरून खाडीकडे बघत बसत, आणि न पुसता परत ठेवत.