शोभा चोपड्याला दिली

सोमवारी सकाळी सात वाजता पोफळीची एक वाळकी झावळी पाटाच्या काठावर पडली आणि शोभेचं एक पान मोडलं. कमलाक्षीने ते उचललं, सवयीने बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. वेखंडाचा वास आला.

तिने दुसरं पान स्वतः मोडून पाहिलं. तोच वास. तान्ह्या बाळाच्या टाळूला, सहाणेवरच्या घुटीला येतो तो. पदर कमरेला खोचलेला, पाय चिखलात, अशी ती तिथेच उकिडवी बसून राहिली. घरात नवरा गुणगुणत जनेलाच्या झडपांना रंग लावत होता. रविवारी ओकादासायब येणार होता आणि त्याला शोभा बघायची होती.

शोभा म्हणजे जपानातलं एक फुलझाड. पाण्यात पाय सोडून वाढणारं, निळंजांभळं, तळहाताएवढं फूल देणारं. निदान ओकादासायबाने तरी तसं सांगितलं होतं. परबांच्या घरात ते फूल अजून कोणी पाहिलं नव्हतं.

बाबली परब डिचोलीजवळच्या खाणीच्या जेटीवर होता. बार्जमध्ये खनिज भरलं जाई त्याची नोंद तो ठेवायचा. ते खनिज जपानला जाई आणि त्याचा कस तपासायला ओकादा नावाचा सडपातळ, अबोल माणूस तिकडून येई. एकदा बाबलीने त्याला जेवायला घरी आणलं. हात धुवायला म्हणून सायब मागच्या कुळागरात, पोफळीच्या बागेत गेला, तर झरीच्या पाटाशी थबकला. तिथे वेखंड माजलं होतं. त्याच्यावर बोट ठेवून तो लहान मुलासारखा ओरडला, "शोबू! शोबू!"

पुढच्या खेपेला, गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या पावसाळ्यात, ओल्या शेवाळात गुंडाळलेली मुळं घेऊनच तो आला. "हाना-शोबू," म्हणाला. बाबलीने ती वेखंडाच्या शेजारीच लावली. जागा दोघांनाही मानवणारी, पानं तर भावंडांसारखी. शोबूची शोभा व्हायला आठवडाही लागला नाही.

"शोभेला पाणी आहे ना गो?" बाबली कामावरून आल्या आल्या विचारायचा.

"आहे. तुमची बायको मात्र तहानेने मेली," कमलाक्षी म्हणायची. शेजारणींना ती सांगायची की नवऱ्याने उतारवयात सवत आणली, तीही जपानी. फूल काही येईना, तेव्हा तिने आणखी एक टोमणा शोधला. "कोकणी राजभाषा ठरून चार वर्षं होत आली, पण तुमच्या झाडाची भाषा अजून कोणाला कळत नाही."

"येईल गो. जपान्याचं झाड, वेळेचं पक्कं."

तो कोणाला त्या वाफ्याला हात लावू देत नसे. पान मोडलं तर झाड रुसतं, अशी त्याची समजूत. म्हणूनच कोणी पान मोडलं नव्हतं आणि कोणी वास घेतला नव्हता.

आता चिखलात बसल्याबसल्या कमलाक्षीला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी चोपड्याहून नणंद आली होती, आनंदी. तिच्या पल्लवीला मुलगी झाली होती, घरचं वेखंड हवं होतं. त्या पावसात पाटाची दरड खचून दोन्ही झुडपं एकमेकांत शिरली होती. कुठलं कुठलं ते कमलाक्षीलाही सांगता येईना. बाबलीला मात्र शंका नव्हती.

"ओकादासायबाने नेमकं इथे बोट ठेवून शोबू म्हटलं होतं," तो म्हणाला. "मी समोर होतो. हे राहू दे. पलीकडचं ते वेखंड."

आणि पलीकडचं सगळं खणून त्याने बहिणीच्या पिशवीत भरलं होतं.

कमलाक्षीने मोडलेली पानं केळीच्या बुंध्याआड टाकली आणि आत गेली. नवऱ्याच्या नाकावर हिरवा रंग लागला होता. "बघ, कसं दिसतं जनेल? सायबाला इथूनच शोभा दिसेल," तो म्हणाला. "आनंदीला फणस देऊन येते," एवढंच ती म्हणाली.

डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, मग फेरीबोट. चोपड्याला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आनंदीचा नवरा गोपाळ मासळीवाल्यांना बर्फ विकायचा. भुशात गुंडाळलेल्या लाद्या अंगणात उतरवून तो फोडत होता.

"वयनी! आणि ती अशी न सांगता?" आनंदी धावत आली. "दादा बरा आहे ना?"

"बरा आहे. तुला दिलेलं वेखंड कुठे आहे गो?"

आनंदीचा चेहरा पडला. "तुला कोणी सांगितलं? पल्लवीनेच ना? वयनी, रागावू नको. वास म्हणून नव्हता त्याला. एक कांडी सहाणेवर धरली, नाकाला लावली, काही नाही. बाळाला कसं देणार? बाजारातून आणलं. पण माहेरचं दिलेलं फेकायचं कसं? म्हणून विहिरीकडे लावलं."

"बाळाला नाही ना दिलंस?"

"नाही गो. थेंबही नाही."

कमलाक्षी विहिरीकडे गेली. विहिरीच्या सांडपाण्याची तिथे दलदल झाली होती. गोपाळ रोज उरलेला बर्फ भुशासकट तिथेच ओतत असे. त्या काळ्या, गार चिखलात पानं तरारून उभी होती. तिने एक मोडून चुरगळलं. गवताचा वास, बस. आणि पानांच्या मधोमध बोटासारखा गोल दांडा आला होता. टोकाला घट्ट मिटलेली कळी, तिच्या शेंड्याला जांभळी रेघ.

"फुलायला थंडी लागते म्हणाला होता सायब," ती पुटपुटली. "बर्फ पडतो तिकडे."

"कोणाला थंडी लागते?" गोपाळ बाल्दी घेऊन मागे उभा होता.

"भावोजी, ओता. थांबू नका, ओता."

दुसऱ्या दिवशी पदेराने पाव टाकला, चहा झाला, आणि कमलाक्षीने बाबलीचा हात धरून त्याला पाटाकडे नेलं. एक पान मोडून त्याच्या नाकाशी धरलं. तो आधी पान मोडलं म्हणून दचकला. मग वास घेतला. पुन्हा घेतला. हळूहळू तो काठावर बसला.

"मग मी चार वर्षं..."

"दोनच. आधीची दोन खरी होती ती. मी आपली उगाच सवत म्हणून जळत राहिले, आणि दोन वर्षं तुम्ही आजीबाईच्या बटव्याला पाणी घालत होता."

तो हसला नाही. "सायब रविवारी येणार. निवृत्त होतोय तो, परत यायचा नाही. त्याला काय सांगू? तुझी ठेव मी वेखंड म्हणून वाटून टाकली?"

"टाकली नाहीत. आनंदीकडे आहे. कळी धरली आहे."

बाबलीने मान वर केली. सायबाने सांगितलेल्या खुणा त्याला पाठ होत्या. "दांडा गोल?"

"गोल."

"रेघ?"

"जांभळी."

तो उठला. "कुदळ कुठे आहे?"

"खबरदार! उपटलीत तर कळी गळेल. सायबाला सांगा, शोभा चोपड्याला दिली. मुलगी बघायची तर तिच्या सासरी जावं लागतं."

तेव्हा कुठे बाबली हसला. त्याच संध्याकाळी तो चोपड्याला गेला. गोपाळकडून जास्तीची लादी घेऊन त्याने स्वतः फोडली, आणि आनंदीला बजावून आला की कोंबड्या त्या बाजूला फिरकता कामा नयेत.

रविवारी ओकादासायब आला. आधी डिचोलीला जेवला. नव्या रंगाच्या जनेलातून त्याने पाटाकडे पाहिलं, बाहेर जाऊन एक पान मोडून हुंगलं आणि खूश होऊन म्हणाला, "शोबू." बाबलीचा चेहरा उतरला. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी हकिगत सांगितली. सायब आधी गोंधळला, मग इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. त्याच्या भाषेत दोघांनाही शोबूच म्हणतात. फुलाचं असेल तर आधी हाना लावायचं.

"आज पाच मे. ह्याच दिवशी आमच्याकडे मुलांना ह्या पानांच्या पाण्याने अंघोळ घालतात," तो म्हणाला. "आजार दूर राहतो."

बाबलीने ते मराठीत सांगितलं तशी कमलाक्षीने सायबाकडे नव्यानेच पाहिलं. "त्यांच्यातही वेखंडच?" म्हणाली, आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

उन्हं कलल्यावर तिघं शिवोलीच्या धक्क्यावर उभी होती. पलीकडून फेरी लागली, माणसं उतरली. त्यांत गोपाळकडून बर्फ घेणारा मासळीवाला होता, रिकाम्या पाट्या घेतलेला.

"कळी बघितलीस?" बाबलीने त्याला रस्त्यातच अडवलं.

"दुपारी बघितली. फुगली आहे. एक पाकळी सुटल्यासारखी वाटली, पण आनंदीबाय म्हणते मिटलेलीच आहे."

फेरीवाल्याने घंटा दिली. तिघं चढली.