शून्यावर आणलेली बटणं

शेवटचं बटणही विनीने शून्यावर आणलं आणि फडकं माळ्याच्या खिडकीबाहेर झटकलं. सिंथेसायझरवरची चौतीसच्या चौतीस बटणं आता एका दिशेला बघत होती. इतके दिवस कशी वेडीवाकडी तोंडं करून बसली होती.

संध्याकाळी क्लाइव्ह माळ्यावर गेला आणि बराच वेळ काही वाजलंच नाही. मग तो जिन्यात येऊन बसला.

"आई, बटणं फिरवलीस?"

"धूळ पुसली. महिन्याचा शेवटचा शुक्रवार ना आज."

क्लाइव्ह ओरडला नाही. तो ओरडला असता तर विनीला बरं वाटलं असतं. त्याच्याबरोबर गाणारी जॅनिस चमच्यांना पॉलिश करण्याच्या कारखान्यातून तशीच आली होती, नखांत काळं घेऊन. तिने विनीला समजावलं. या यंत्राला काही लक्षात राहत नाही. बटणं हलली की आवाज गेला. अल्बमची नऊ गाणी झाली होती. दहावं सगळं त्या एका आवाजावर उभं होतं. पुढच्या शनिवारी स्टुडिओ मिळणार होता, आणि रेकॉर्ड कंपनीला दहा गाणी हवी होती. नऊ चालणार नव्हती.

"मग कुठे लिहून नाही ठेवलं?" विनीने विचारलं.

"विचारा तुमच्या लेकाला," जॅनिस म्हणाली. "कागदावर नको, टेपवर नको. शेफील्डमधली सगळी पोरं जणू आमचा आवाज चोरायलाच टपलीयेत. म्हणे माझ्या डोक्यात आहे."

"होता डोक्यात," क्लाइव्ह म्हणाला.

विनी रोज सकाळी सहाला उठून बायबलचं एक पान वाचत असे. दुसऱ्या दिवशी ते वाचून झाल्यावर तिने लेकाचा चहा त्याच्यापुढे ठेवला.

"तीन आठवडे मी खालच्या खोलीत इस्त्री करताना तो आवाज ऐकलाय. तू वाजव. मी सांगते."

"आई, शेकडो आवाज निघतात त्यातून."

"मग लवकर सुरू कर."

तिचं एकच म्हणणं होतं. जिथून ऐकला तिथूनच ती ऐकणार. माळ्याच्या बरोबर खाली इस्त्रीचं टेबल, हाताशी झाडू. नसला तर दांड्याचा एक ठोका छताला, असला तर दोन. आता क्लाइव्ह प्रत्येक आवाजाची बटणं कागदावर काढून ठेवू लागला. कागदाच्या मागे वार आणि क्रमांक.

शनिवारी सगळे एकच ठोके. रविवारी चॅपल, म्हणून काम नाही. सोमवारपर्यंत क्लाइव्हला स्वतःला काही कळेनासं झालं. सगळे आवाज सारखे, सगळे परके. मंगळवारी जॅनिस वरून ओरडली, "विनी आंटी, जरा दया करा, छताचा गिलावा पडतोय माझ्या चहात."

ठक्. एकच.

घरातले कपडे संपले. विनीने शेजारच्या दोन घरांतले मागून आणले. इस्त्री केल्याशिवाय तिला ऐकू येत नव्हतं.

शुक्रवारी पाचच्या सुमारास छतावर दोन ठोके पडले.

दोघं धावत खाली आली.

"हाच?"

"हाच. अगदी हाच."

क्लाइव्ह पुन्हा वर गेला, तोच आवाज वाजवला, आणि सावकाश खाली आला. जॅनिस भिंतीला टेकून उभी होती.

"याच्यासाठी आठवडाभर सुतक पाळलं आपण?" ती म्हणाली. "हा तर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय."

आवाज तोच होता. तीन आठवडे क्लाइव्हने ज्याला जपलं, तो एवढाच होता. उद्या सकाळी स्टुडिओ.

विनी पायजम्याची घडी घालत होती. ती घातली, मोडली, पुन्हा घातली.

"हरवलेला आवाज शोधायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "मी तो शोधून दिला. दुसरं काही विचारलंस तर सांगेन."

"दुसरं काय?"

तिने टेबलाखालच्या टोपलीतून एक उशीचा अभ्रा काढला आणि उलगडून त्याच्यापुढे धरला. मधोमध इस्त्रीचा तपकिरी डाग होता, टोकापासून बुडापर्यंत पुरा.

"शेजारच्या मिसेस बॅगशॉचा आहे. नवा आणून द्यावा लागेल," विनी म्हणाली. "बुधवारचं. वरून एक आवाज आला आणि इस्त्री उचलायचीच राहिली. वास आला तेव्हा भानावर आले, आणि ठोका दिला. एकच दिला. कारण तो हा नव्हता."

जॅनिसने अभ्रा हातात घेतला. डागावरून बोट फिरवलं.

"बुधवारचे सव्वीस कागद आहेत, आई," क्लाइव्ह म्हणाला. "त्यातला कितवा?"

"ते मला काय ठाऊक. अभ्रे चार होते, हा तिसरा."

क्लाइव्ह एकेक पायरी गाळत माळ्यावर गेला. कागद चाळल्याचा आवाज खाली आला. विनीने इस्त्रीची पिन काढली, हात पुसले आणि जिन्याकडे निघाली.

"तुम्ही इथूनच ऐकणार ना?" जॅनिसने विचारलं.

"छे गं," विनी म्हणाली. "सव्वीस कागद आहेत. कुणीतरी आकडे वाचायला नको?"