बावीस सप्टेंबर, क्विटो

सुनीती पाटणकरांनी एकतीस वर्षं मुलींना क्विटो शिकवलं. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची राजधानी. विषुववृत्ताला खेटून असूनही नऊ हजार फुटांच्या वर, म्हणून उकाडा नाही, बारा महिने वसंत ऋतू. कारणे द्या, गुण दोन. या दोन गुणांसाठी बाईंनी किती मुलींना बाकावर उभं केलं असेल, देव जाणे. आणि बाई स्वतः? सासूबाईंना काशीला घेऊन गेल्या होत्या, त्यापलीकडे कुठे नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००९च्या जानेवारीत, नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी ठरवलं, जायचं. तेही कधीतरी नाही. बावीस सप्टेंबरला, जेव्हा विषुववृत्तावर भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. वेळसुद्धा त्यांनी कागदावर गणित मांडून काढली होती, बारा वाजून साडेसहा मिनिटं. फळ्यावर हजारदा काढलेली ती आकृती एकदा स्वतः तिच्यात उभं राहून बघायची, एवढंच मागणं. फार होतं का हो?

तयारी करावी तर पाटणकरबाईंनी. त्या देशाला व्हिसा लागत नाही, हे त्यांनी ट्रॅव्हल एजंटच्या आधी शोधून काढलं. पीतज्वराची लस साठीनंतर द्यायला डॉक्टर कां-कूं करतात आणि बाईंना ऑक्टोबरात साठ पूर्ण होणार, म्हणून त्या मुंबईला जाऊन टोचून आल्या, पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँडनं बांधून टाकलं. उंचीवर धाप लागते म्हणून रोज पहाटे पर्वती, दोन वेळा, पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन. होय, सॅक! तिथले रस्ते दगडी आणि चढाचे, चाकांची बॅग काय कामाची? ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर लोक आनंदानं कोंबडी वाढतात, असं वाचल्यावर स्पॅनिशमध्ये मांस, कोंबडी, मासा असे तीनही नकार त्यांनी पाढ्यासारखे घोकले. शेजारच्या ललिताताई म्हणाल्या, ‘‘काय हो, इतकं लांब जाऊन नको-नकोच म्हणायचं, तर जाता कशाला?’’ बाई म्हणाल्या, ‘‘तुम्हाला जायचं नाही ना, मग का त्रास करून घेता?’’

मार्चात अमेरिकेतून मुलाचा, पुष्करचा फोन आला. सुनेला, कादंबरीला, दिवस गेलेत. तारीख वीस सप्टेंबर. बाईंना रडूच आलं. खरं रडू, आनंदाचं. मग फोन ठेवून कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या आणि वीस ते बावीस बोटांवर मोजलं, दोनच दिवस.

आता आमच्या पेठेतली रीत सांगायला हवी. इथे निवृत्त बाई परदेशी जाते ती एकाच कामाला, बाळंतपणाला. लेकीचं नाहीतर सुनेचं. ललिताताईंची तीन झाली होती, दोन न्यू जर्सीत, एक टेक्सासात, आणि त्यांना तिन्ही ठिकाणचं फक्त स्वयंपाकघर सांगता यायचं. बातमी कळताच त्या यादी घेऊन हजर. ‘‘डिंकाचे लाडू दोन किलो. बाळंतशेपा, वेखंड, मेतकूट. मऊ जुनी लुगडी. आणि व्हीलचेअर सांगून ठेवा बरं का.’’

‘‘कुणाला?’’

‘‘अहो, तुम्हाला! पाय धड असले तरी सांगायची. ढकलत नेतात, रांग नाही, इंग्रजी बोलायला नको. आम्ही सगळ्या तशाच गेलो.’’

‘‘ललिताताई, मी बावीसला क्विटोला आहे. पंचवीसला तिथूनच निघून सव्वीसला पुष्करकडे. अमेरिकेचा व्हिसा त्यानं मागेच काढून ठेवलाय. लाडू मात्र द्या, नेईन.’’

‘‘लाडू विषुववृत्तावरून नेणार?’’ ललिताताईंचा आ वासलेला. ‘‘आणि बाळ झालं की पहिला आठवडा कोण करणार?’’

उत्तर बाईंकडे होतं, पण ते ललिताताईंना द्यायचं नव्हतं.

जूनमध्ये मेलवर तिकीट आलं. पुष्करनं काढलेलं. पुणे सोडायचं आठ सप्टेंबरला, परत यायचं मार्चात, सहा महिने पूर्ण. खाली एक ओळ, प्रवासी वृद्ध, व्हीलचेअर हवी. त्या दिवशी सकाळी पर्वती दोनदा चढून आलेल्या बाईंनी ती ओळ चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वृद्ध! जानेवारीत मी क्विटोचं सांगितलं तेव्हा ‘बरं बरं’ म्हणाला होता, लहान मुलाला चंद्र आणून देतो म्हणावं तसा. विचारायची पद्धत नाही? आईला काय विचारायचं, आई येणारच!

रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला. तिकडे शनिवारची रात्र.

‘‘पुष्कर, ते तिकीट रद्द कर.’’

‘‘आई, प्लीज. क्विटो काय पळून चाललंय का?’’

‘‘क्विटो नाही रे, वर्षं पळताहेत. तुझी दहावी होती तेव्हा पुढच्या वर्षी म्हटलं. मग तुझ्या आजीला पक्षाघात झाला, सात वर्षं. मग बाबांचं डायलिसिस. सगळं आनंदानं केलं, कुणावर उपकार नाहीत. पण आता पुढचं वर्ष शिल्लक किती, ते तू सांगणार का मला?’’

‘‘मार्चमध्ये पण येतो ना तसा सूर्य? तूच शिकवलंयस.’’

‘‘येतो. आणि मार्चात बाळाला दात येतील, नाहीतर तुमचं घर बदलेल. मला माहीत आहे मार्च कसा असतो.’’

 मग बाईंनी इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न विचारला. ‘‘तू रजा किती दिवस काढली आहेस?’’

‘‘दोन. त्या आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं, क्लायंट ऐकत नाही.’’

‘‘वा! बाप दोन दिवस आणि आजी सहा महिने. हे गणित कुठल्या शाळेत शिकलास? माझ्या तर नाही. तीन आठवडे रजा काढ. दुधाची बाटली उकळायला इंजिनिअरिंग पुरेसं आहे. मी सव्वीसला येते, दोन महिने राहते, आणि तेव्हा मला स्वयंपाकघरातून हलवून दाखव.’’

‘‘बघतो,’’ पुष्कर म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे त्याच्या आईला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात फोनवर कादंबरीचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. ‘‘आई, खरं सांगू? मला भीती वाटतेय. माझी आई असती तर मी तुम्हाला म्हटलंसुद्धा नसतं.’’

कादंबरीची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. बाईंना ते एका क्षणात इतकं लागलं की तोंडात ‘येते’ आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. 

‘‘भीती वाटायचीच गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मलाही वाटली होती. कुशीत घ्यायला मी येतेय, आठवडाभर उशिरा. त्या आठवड्यात तुझ्याजवळ ज्यानं असायला हवं तो तुझ्या शेजारीच बसलाय. त्याला सोडू नकोस.’’

 मग कादंबरी ‘‘बरं,’’ म्हणाली आणि फोन बंद झाला. रागावून म्हणाली की समजून, ते बाईंना कळलं नाही. दिवसभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. कठोर झालो का आपण? झालो असू. सून रडत असेल का? असेलही. आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःला शिव्या दिल्या, मग क्विटोला शिव्या दिल्या, मग पुष्करला दिल्या आणि तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

सोमवारी ऑफिसं उघडायच्या वेळेला त्या केळकर रस्त्यावरच्या यज्ञेश्वर बर्व्यांच्या ट्रॅव्हल एजन्सीत पोचल्या. मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे क्विटो, पुढे मायामीवरून न्यू जर्सीला पुष्करकडे, नोव्हेंबरअखेर पुणे. बर्व्यांनी संगणकावर सगळं जुळवलं.

‘‘बाई, यात दोन प्रकार आहेत,’’ बर्वे म्हणाले. ‘‘एक स्वस्त, पण त्याची तारीख बदलता येत नाही, पैसेही परत नाहीत. दुसरं नऊ हजारांनी महाग, पण केव्हाही बदलता येतं. माझं ऐकाल तर महागातलं घ्या. घरात बाळंतपण आहे म्हणता, तुमचंही वय आहे. उद्या घरून फोन आला तर?’’

‘‘म्हणूनच नको,’’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याची त्यांना लाज वाटली नाही. ‘‘फोन येणारच आहे हो. बदलता येत असेल तर मी बदलीन. आयुष्यभर बदलत आलेय. ते स्वस्तातलंच काढा, ज्याची तारीख कुणालाच बदलता येत नाही, मलासुद्धा.’’