पाचावर अडकलेली चावी

मी घर गरम ठेवणारा एक जुना रेडिएटर आहे, मित्रांनो, आणि आता गार आहे. उद्या मला काढून नेणार. म्हणून घाईत सांगतो.

जन्म? लोखंडी पत्रा, वेल्डिंग, पांढरा रंग. पुढे चाळीस वर्षं हॅनोव्हरमधलं हेच घर. माझ्या चावीवर एक ते पाच आकडे. दोनावर मी कोमट, पाचावर आग. लोक माझ्यावर ओले मोजे वाळवायचे, पाठ शेकायचे, कौतुक करायचे. मग...

टक्.

मग चावी पाचावर अडकली. बुडाशी गरम पाणी झिरपू लागलं. मी रात्रंदिवस ठोके देत होतो. टक्. टक्.

"घरमालकाला पत्र लिही," इथला भाडेकरू श्रीरंग बायकोला म्हणाला.

"अरे, खाली क्राउजे आहेत ना देखभालीला! एवढा भला माणूस, त्याच्यावर लेखी तक्रार?" विभावरीने तोंडी सांगितलं. वर बेसनाचे लाडू.

क्राउजे आले. मला हात लावून "आउआ!" ओरडले. चार लाडू खाल्ले. "या, या," म्हणजे हो, हो, "पुढच्या आठवड्यात."

टक्. टक्. टक्.

एका गुरुवारी श्रीरंगची आई, मालिनीताई, माझ्यावर पोह्याचे पापड वाळत घालत होत्या. चावी उडाली. कढत पाणी त्यांच्या उजव्या हातावर. माझं पाणी, मित्रांनो.

घरमालकाचं पत्र आलं. बिघाड कोणी कळवला नव्हता. पापड ठेवल्यानेच चावी तुटली. दोष तुमचा.

"खरंच असेल रे," मालिनीताई म्हणाल्या. बँडेजमधला हात त्यांनी पदराखाली घेतला. "माझ्याच पापडांनी केलं."

"आई, तळहाताएवढे तुमचे पापड. त्यांनी लोखंड तुटतं होय?" विभावरी म्हणाली.

"भाडेकरू संघातल्या बाई म्हणाल्या, आधी कळवलं होतं एवढं दाखवा," श्रीरंग म्हणाला. "मग जबाबदारी घरमालकाची. पण दाखवणार काय? लाडू?"

मालिनीताई भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बघत होत्या. पुण्याला दुधाचे खाडे लिहायची सवय इथेही सुटली नव्हती.

चार तारीख: रेडिएटर गळतो. विभाने क्राउजेंना सांगितलं.
अकरा: क्राउजे आले. चटका बसला त्यांना. लाडू चार.
अठरा: आले नाहीत.
पंचवीस: आले नाहीत.

आज संध्याकाळी क्राउजे नव्या रेडिएटरची मापं घ्यायला आले. विभावरीने एकेक चौकोन जर्मनमध्ये वाचून दाखवला. क्राउजे बँडेजकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं, "गेनाऊ. बरोबर, चार," म्हणाले, आणि अकरा तारखेखाली सही केली.

मालिनीताईंनी पदराखालचा हात बाहेर काढला. डाव्या हाताने डबा पुढे केला. क्राउजेंनी लाडू घेतला नाही.

मित्रांनो, माझ्या जागी उद्या नवा येईल. तो ठोके देऊ लागला तर त्याच दिवशी कागदावर लिहा, आणि कागद पोचवा. मी चार आठवडे ओरडत होतो. आता पोटात पाणी नाही. टक् करून बघितलं.

काहीच आवाज येत नाही.